आठ बाय चारच्या प्लायवर खर्डा
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आधी एक कबुली देतो. व्याख्यानमालेत आमचे नाव पाहून अनेकांनी विचारले, "तुम्ही बोलणार कशावर? खेळण्यांवर?" होय, खेळण्यांवरच. बाहेरच्या मांडवात आठ बाय चार फुटांच्या प्लायवर जी खर्ड्याची लढाई मांडली आहे, ती गेले चार महिने आम्ही पाच जणांनी रंगवली. आमच्यात एक निवृत्त शिक्षक आहेत, दोघे संगणकाच्या नोकरीतले, एक बँकेतल्या ताई आणि एक कॉलेजात शिकणारा मुलगा. चित्रकलेची परीक्षा आमच्यापैकी एकानेही दिलेली नाही. त्यामुळे आज जे सांगणार आहोत ते चुकत चुकत शिकलेल्यांचे बोलणे आहे, एवढे मनात धरून ऐकावे.

लहान प्रतिकृतींचे वेड कोठीला नवे नाही. ज्या इमारतीमुळे आपल्या भागाला 'कोठी' म्हणतात, ती ब्रिटिश रेसिडेन्सी जेम्स किर्कपॅट्रिकने १८०३ च्या सुमारास बांधायला घेतली. तिच्या मागच्या बागेत, रंगमहालाच्या जागी, त्याच इमारतीची एक छोटी प्रतिकृती आहे. किर्कपॅट्रिकची पत्नी खैरुन्निसा पडद्यात राहत असे, तिला दर्शनी भाग पाहता येत नसे, म्हणून त्याने ती करवून घेतली असे सांगतात. मोठी गोष्ट लहान करून घरात आणायची, म्हणजे ती सगळ्या बाजूंनी पाहता येते. आमचाही हेतू एवढाच होता. दिवाळीत किल्ला करणाऱ्या प्रत्येक मराठी घराचा तोच असतो.

विषय कसा ठरला

मे महिन्याच्या बैठकीत आम्ही खर्ड्याचे नाव काढले आणि सभा शांत झाली. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला, म्हणजे आजच्या जामखेड तालुक्यात, मराठे आणि निजाम अली खान समोरासमोर आले. मराठ्यांची सगळी मोठी घराणी एकत्र लढली अशी ती शेवटची लढाई. परशुरामभाऊ पटवर्धन सेनापती, दौलतराव शिंद्यांची कवायती पलटणे पेराँच्या हाताखाली, होळकरांची फौज आणि नागपूरकर रघूजी भोसल्यांचे बाणदार. समोर निजामाच्या बाजूला फ्रेंच सेनानी रेमाँची पलटणे. संध्याकाळी निजामाचे सैन्य मागे हटले, रात्री गोंधळ उडाला आणि निजामाने खर्ड्याच्या किल्ल्याचा आसरा घेतला. पुढे तह झाला आणि त्याचे दिवाण मुशीर-उल-मुल्क यांना ओलीस म्हणून पुण्याला जावे लागले.

बैठकीत मंडळाचे एक ज्येष्ठ काका म्हणाले, "ज्या शहराचं मीठ खाल्लं, त्या शहराच्या राजाचा पराभव बाप्पापुढे कशाला मांडायचा? शेजारीपाजारी दर्शनाला येतात. त्यांना काय वाटेल?" त्यावर तरुणांपैकी एकाने उत्तर दिले, "काका, इतिहास आहे, आपण काही बनवून सांगत नाही." आवाज चढले. खरे सांगायचे तर त्या रात्री विषय सोडून द्यावा असेच आमच्यातल्या दोघांना वाटत होते. काकांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. आपल्यातली निम्मी घरे नांदेड, परभणी, बीडकडची. १९५६ पर्यंत ते जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. निजामाच्या पदरी मराठे सरदार होते आणि मराठ्यांच्या फौजेत मुसलमान गारदी होते. आपले पणजोबा-खापरपणजोबा त्या दिवशी कुठल्या बाजूला उभे असतील, हे छातीठोकपणे सांगायची कोणाची तयारी आहे?

शेवटी तीन अटींवर परवानगी मिळाली. दोन्ही बाजूंचे बाहुले सारख्याच संख्येने आणि सारख्याच काळजीने रंगवायचे. विजयाचा फलक लावायचा नाही. आणि गोष्ट खर्ड्यावर थांबवायची नाही, ती पुढे कोठीपर्यंत आणायची. तिसरी अट काकांचीच होती, आणि तिनेच आमचा देखावा सुधारला. कारण खर्ड्याच्या वेळी इंग्रज तटस्थ राहिले. निजाम चिडला आणि रेमाँवर अधिक विसंबला. मार्च १७९८ मध्ये रेमाँ वारला. सप्टेंबरात इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह झाला आणि ऑक्टोबरात फ्रेंच पलटणी निःशस्त्र झाल्या. त्या घडामोडींत पुढे असलेला किर्कपॅट्रिक मग ही रेसिडेन्सी बांधू लागला. जिंकले मराठे, हरला निजाम, आणि दहा वर्षांच्या आत कोठी उभी राहू लागली ती तिसऱ्याची. पटाच्या डाव्या कोपऱ्यात आम्ही खांबांची ती छोटी इमारत ठेवली आहे, ती त्यासाठी.

बाहुले आणि फवारा

बाहुले २८ मिलिमीटरचे, म्हणजे करंगळीच्या दोन पेरांएवढे. टेबलावर लढाया खेळणाऱ्यांचे हे जगभर चालणारे माप आहे. प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला असे पट वापरू लागले. पुढे एच. जी. वेल्स या लेखकाने १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचे नियमांचे पुस्तक लिहिले आणि खेळ घराघरांत गेला. आमचे २४० बाहुले थ्री-डी प्रिंटरवर रेझिनमध्ये निघाले. एक बाहुला म्हणजे शेकडो माणसे असे समजायचे.

२४० बाहुले ब्रशने रंगवायला बसलो असतो तर पुढचा गणेशोत्सव उजाडला असता. म्हणून एअरब्रश आणला. हे यंत्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत निघाले आणि फोटो सुधारण्यासाठी स्टुडिओंत बरेच वापरले गेले. पेनासारखी दांडी, वर रंगाची वाटी, आत एक बारीक सुई. ट्रिगर खाली दाबला की हवा येते, मागे ओढला की रंग येतो. आमचे नोझल ०.३ मिलिमीटरचे. हवेचा दाब १५ ते २० पीएसआय. रंग दुधाइतका पातळ हवा. दह्यासारखा असेल तर नोझल तुंबते आणि ताकासारखा झाला तर बाहुल्यावरून कोळ्याच्या पायांसारखे ओघळ पसरतात.

आमचे पहिले दहा बाहुले असे ओघळातच गेले. तेव्हा जवळच्या गॅरेजमधले गाड्या रंगवणारे उस्ताद मदतीला आले. मोटारीचा दरवाजा रंगवणारा हात करंगळीएवढ्या बाहुल्यावर काय चालणार, असे आम्हाला वाटले होते. त्यांनी पाच मिनिटे पाहिले आणि म्हणाले, "हाथ पहले चलाओ, रंग बाद में छोडो. रंग बंद करो, फिर हाथ रोको. बीच में रुकना नक्को." चार महिन्यांत यापेक्षा मोलाचा सल्ला आम्हाला मिळाला नाही. त्यांनीच दुसरी गोष्ट दाखवली. भाद्रपदातल्या दमट हवेत कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी साठते आणि ऐनवेळी रंगाबरोबर थेंब उडतो. म्हणून नळीवर पाणी अडवणारी बाटली हवीच. ती ट्रूप बाजारात मिळाली.

सुरुवात अशी करायची. बाहुला साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवायचा, कारण रेझिनवर तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. मग सगळीकडून काळा प्राइमर. तो वाळला की फक्त वरून, डोक्याच्या दिशेने, पांढऱ्याचा हलका फवारा. पागोट्यावर, खांद्यांवर, घोड्याच्या पाठीवर उजेड पडतो. काखेत, झग्याच्या घड्यांत काळे राहते. दुपारचे ऊन आयते मिळते. त्यावर पातळ रंग दिला की खालची उन्हे-सावल्या त्यातून दिसत राहतात. मांडवात मुले "हे खरे वाटतात" म्हणतात ते यामुळे.

झाकायचे कसे

आता मुख्य प्रयोग. फवाऱ्याला हद्द कळत नाही. लाल कोटावर मारलेला रंग हातातल्या बंदुकीवरही बसतो. म्हणून जिथे रंग नको ती जागा आधी झाकायची. आपल्याला हे परके नाही. रांगोळीचा छापा याच तत्त्वावर चालतो, आणि मच्छलीपट्टणम-श्रीकाळहस्तीकडच्या कलमकारीत मेण लावून कापडाचा भाग रंगापासून वाचवतात. आम्ही जे जे झाकायला वापरले त्याचा हिशेब देतो.

पहिले, मास्किंग टेप. तंबू, तोफगाडे, निशाणे अशा सपाट जागी ती उत्तम. युक्त्या तीन. टेप आधी तळहातावर दोनदा चिकटवून तिचा चिकटपणा कमी करायचा. कडेवर आधी खालच्याच रंगाचा एक फवारा द्यायचा, म्हणजे टेपेखाली शिरायचे ते तोच रंग शिरतो आणि फट बुजते. आणि फवारा टेपेकडून बाहेर मारायचा, टेपेच्या कडेत घुसेल असा नाही. आसफजाही पिवळ्या निशाणावरचा पांढरा कुलचा आम्ही असाच केला. ऑफिसातल्या पंचिंग मशीनने टेपेची गोल टिकली पाडली, पांढऱ्यावर चिकटवली, वरून पिवळा मारला आणि टिकली काढली. बँकेतल्या ताईंची ही कल्पना. जरीपटक्याची जरतारी कड सरळ पट्टी लावून निघाली.

दुसरे, कणीक. हसू नका. पुट्टी संपली होती, रविवारची दुकाने बंद होती आणि स्वयंपाकघर शेजारी होते. तेल न घातलेली घट्ट कणीक घोड्यावर लावून स्वार रंगवला. अर्धा तास छान चालले. मग ती वाळून तडकली आणि लगामाच्या फटीत अशी बसली की टाचणीने कोरून काढावी लागली. तेलाच्या कणकेने तर रंगच धरू दिला नाही. कणकेच्या पोळ्याच कराव्यात आणि बाहुल्यांना पुट्टीच लावावी, हा आमचा निष्कर्ष.

तिसरे, रबरासारखा वाळणारा द्रव. दात कोरायच्या काडीने लावायचा, वाळला की सालीसारखा सोलायचा. तलवारीची पाती, भाल्यांची टोके याने वाचली. ब्रशने लावायला जाऊ नका, ब्रश जन्माचा वाया जातो.

चौथे, जाळ्या. लसणाची प्लास्टिकची जाळी हत्तीच्या झुलीवर ताणून वरून सोनेरी फवारा मारला की जरीचे विणकाम दिसते. साडीच्या जुन्या लेसने निजामाच्या तंबूवर नक्षी उतरली. काठापदराच्या पेटीतून आणखी लेस आणायला निघालेल्यांना घरून विरोध झाला, तो मान्य केला.

पाचवे, मीठ आणि केसांचा स्प्रे. किल्ल्याच्या भिंतीला आधी काळा-करडा दगडाचा रंग, त्यावर केसांचा स्प्रे, ओलसर असतानाच जाडे मीठ भुरभुरायचे, मग चुन्याचा पांढरा फवारा. वाळल्यावर ओल्या ब्रशने घासले की मीठ निघून जाते, खालचा स्प्रे विरघळतो आणि गिलावा उडालेली भिंत तयार होते. शंभर पावसाळे अर्ध्या तासात येतात.

आणि जे जमले नाही तेही सांगतो. कवायती शिपायांच्या छातीवरचे पांढरे पट्टे. एक मिलिमीटरची टेप कापून, चिमट्याने लावून, लाल मारून पाहिले. कोटाच्या घड्यांवर टेप बसतच नाही, रंग खाली शिरतो. दोन आठवडे घालवल्यावर शिक्षकांनी बारीक ब्रश घेतला आणि एका बैठकीत बारा शिपायांचे पट्टे ओढून दाखवले. यंत्र सपाटीवर आणि मोठ्या जागांवर राज्य करते, घडीत आणि वळणात हातच लागतो. हे लवकर कळले असते तर जुलै वाया गेला नसता.

जे घरी करून पाहतील त्यांना एक काळजीची सूचना. रंग पाण्याचे असले तरी फवारा बारीक असतो, छातीत जातो. तोंडाला चांगला मास्क, खिडकी उघडी, हवा बाहेर फेकणारा पंखा. थिनरचे रंग असतील तर कोळशाच्या फिल्टरचाच मास्क हवा. ओल्या रेझिनला उघडा हात लावू नये आणि ते घासताना उडणारी पूड श्वासात जाऊ देऊ नये.

जफर पलटण आणि आजींचा मावळा

वाचन करताना एक गोष्ट हाती लागली. निजामाच्या जनानखान्याच्या रक्षणाला स्त्रियांची पलटण होती, जफर पलटण. इंग्रजी धर्तीचे लाल कोट, खांद्याला बंदुका, आणि खर्ड्याच्या मोहिमेवर त्या होत्या. हे आम्ही सांगितले तेव्हा मंडळातल्या मुली, ज्या तोवर लांबून पाहत होत्या, त्या टेबलाला येऊन भिडल्या. ती पलटण पूर्ण त्यांनी रंगवली आहे. यातल्या दोघी-तिघींना मराठी नीट वाचता येत नाही. 'खर्डा' हा शब्द त्यांना ठेचा म्हणूनच ठाऊक होता. आता त्या येणाऱ्या पाहुण्यांना कवायत, बाण, जरीपटका हे शब्द वापरून माहिती सांगतात. कोठीतली मराठी घरे मियापूर-कोंडापूरकडे गेली, मुले इकडे फिरकत नाहीत, ही तक्रार आपण दर सभेत करतो. चार महिने दर रविवारी नऊ मुले तासभर प्रवास करून कोठीला येत होती, एवढे नोंदवून ठेवतो.

आता आमच्या हातून झालेली चूक. आपल्या मंडळातल्या एका आजींनी माहेरून, नांदेडहून, लग्नात बरोबर आणलेला मातीचा मावळा आम्हाला पटाच्या कडेला ठेवायला दिला. त्यांच्या वडिलांनी तो दिवाळीच्या किल्ल्यासाठी घेतला होता. रंग थोडा उडाला होता. आम्हाला उत्साह आला. त्यांना न विचारता अंगरखा नवा करायचे ठरवले, चेहऱ्यावर टेप लावली आणि फवारा मारला. टेप काढली तशी तिच्याबरोबर चेहऱ्याचा सगळा रंग निघून आला. डोळे, मिशा, कपाळावरचे गंध, सगळे टेपेला. हाती राहिली कोरी माती.

कारण सोपे होते. जुना रंग खडूच्या भुकटीसारखा, खाली प्राइमर नाही, वर वार्निश नाही. मातीला धरून ठेवणारे असे त्याच्याजवळ काहीच नव्हते. दोन महिने जे आम्ही मुलांना शिकवत होतो, ते स्वतः विसरलो. पण चूक तंत्राची नव्हती. आम्ही विचारले नव्हते, ही चूक होती.

ती टेप आणि तो मावळा घेऊन आम्ही पाचही जण आजींकडे गेलो. त्यांनी मावळा हातात घेतला, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बाबांनी आणला तेव्हाही हा दुकानातलाच होता. दर दिवाळीला कुणी ना कुणी रंगवायचंच. एकदा मी त्याला निळ्या मिशा काढल्या होत्या." थोड्या वेळाने, "पण मला विचारायला हवं होतंत." आम्ही मान खाली घातली. मग त्यांनी बारीक ब्रश मागितला. हात थरथरत होता म्हणून मनगटाखाली उशी घेतली, आणि गणपतीच्या डोळ्यांची आखणी करावी तसे, श्वास धरून, दोन डोळे काढले. डावा जरा मोठा झाला आहे. मांडवात पाहाल तर ओळखाल.

त्या दिवसापासून आम्ही नियम केला. कोट, घोडे, किल्ला, धूर यंत्राने. चेहरे मात्र हातानेच, दोन्ही बाजूंचे. २४० चेहरे झाले. वेळ लागला, पण आता शत्रूचा बाहुला असा पटावर एकही नाही, कारण प्रत्येकाच्या डोळ्यांत कुणीतरी पाहिले आहे.

पटावर काय झाले

बाहुले तयार झाल्यावर मुलांनी लढाई खेळूनही पाहिली. फुटपट्टीने चाल मोजायची, फाशांनी गोळाबारी ठरवायची. पहिल्या वेळी मराठे जिंकले. दुसऱ्या वेळी रेमाँच्या पलटणी अशा काही भिडल्या की निजाम जिंकला. एक मुलगा रडवेला झाला. शिक्षकांनी त्याला सांगितले, की खर्ड्याला जिंकलेल्या सवाई माधवरावांचाही त्याच वर्षी ऑक्टोबरात मृत्यू झाला आणि पुण्यात वारशाचे भांडण सुरू झाले. जिंकणे टिकवणे हा वेगळाच खेळ असतो. त्याला ते कितपत पटले ठाऊक नाही, फासे मात्र त्याने पुन्हा मागून घेतले.

प्रतिष्ठापनेच्या दुसऱ्या दिवशी उस्ताद घरच्यांना घेऊन आले. पटाभोवती एक फेरी मारून त्यांनी विचारले, "इस में हमारे लोग किधर हैं?" आमच्यातल्या कॉलेजच्या मुलाने उत्तर दिले, "दोनों तरफ, उस्ताद." ते हसले आणि खाली वाकून घोड्यांवरचा रंग तपासू लागले. एका घोड्याच्या पोटाखाली ओघळ सापडला, तो त्यांनी सगळ्यांना दाखवला. मे महिन्यात विरोध करणारे काका शेजारीच उभे होते. त्यांनी उस्तादांना रेमाँचा बाहुला दाखवला आणि मुसारामबागेची गोष्ट सुरू केली, की रेमाँला इथले हिंदू मुसाराम म्हणत आणि मुसलमान मुसा रहीम, त्याची कबर त्याच भागातल्या टेकडीवर आहे. आता रोज संध्याकाळी आरतीनंतर काकाच पटाजवळ उभे राहून माहिती देतात. आम्हाला बोलू देत नाहीत.

विसर्जनानंतर पट मोडायचा नाही असे ठरले आहे. पुढच्या वर्षीसाठी विषय सुचवावेत. कॉम्प्रेसर मंडळाच्या मागच्या खोलीत आहे, आवाज करतो म्हणून आरतीच्या वेळी बंद ठेवतो. दर रविवारी दहा वाजता खोली उघडी असते. ज्यांच्या घरी जुने मावळे, लाकडी ठकी, मातीची खेळणी असतील त्यांनी जरूर दाखवायला आणावीत. विचारल्याशिवाय आम्ही हात लावणार नाही.